सायकल दिली, सायकलविद्येचे काय?

ज्या वाहनाला परवाना लागत नाही, विमा लागत नाही आणि इंधनही लागत नाही, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही. सायकलीची आपल्याकडे नेमकी हीच गत झाली आहे. मोटार चालवू इच्छिणाऱ्या माणसाला परिवहन कार्यालयात जाऊन चाचणी द्यावी लागते, रहदारीच्या खुणा पाठ कराव्या लागतात. सायकलस्वाराला यांतले काहीच करावे लागत नाही. हे त्याचे स्वातंत्र्य आहे आणि ते अबाधित राहावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु परवान्याची गरज नाही म्हणजे शिक्षणाचीही गरज नाही, असा जो सोयीस्कर समज रूढ झाला आहे, त्याची किंमत रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या वाहनाच्या चालकाला मोजावी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरातील रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत सायकलस्वार ४ हजारांहून अधिक होते. ज्याच्याकडून इतरांच्या जिवाला क्वचितच धोका पोचतो, त्याचा स्वतःचा जीव मात्र इतक्या स्वस्तात जावा, हे विचार करण्याजोगे आहे.

भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न मुळीच दुय्यम नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश. काही भागांतील टेकड्या व जंगलपट्टे सोडले, तर जमीन बहुतांशी सपाट. गावेही फारशी दूर नाहीत. सायकलीसाठी याहून अनुकूल भूमी शोधून सापडावयाची नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील दर १०० कुटुंबांमागे सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले होते. त्यानंतर मोटारसायकली झपाट्याने वाढल्या हे खरे. पण त्यामुळे सायकल नाहीशी झाली नाही. जिला किंवा ज्याला दुसरे वाहन परवडत नाही, त्यांच्याकडे ती उरली. शेजारच्या गावातील माध्यमिक शाळेत जाणारी मुलगी, रोवणीला निघालेली बाई, कामाची पाळी धरणारा मजूर, बाजाराच्या दिवशी भाजीची टोपली कॅरिअरवर बांधून निघालेला शेतकरी, हे आजचे सायकलस्वार होत. आणि ज्या रस्त्याने ते जातात, त्याच रस्त्याने वाळूचे टिप्पर, धानाच्या ट्रॉल्या आणि एस.टी.च्या गाड्याही जातात.

यांपैकी शाळकरी मुलीचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार २०११ मध्ये २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत करण्यात आला. भंडारा जिल्हाही त्यात आला. या कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीत शिकणाऱ्या, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी साह्य दिले जाते. योजना स्तुत्य आहे, यात शंका नाही. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना सुरू झाली, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव नोंदवणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना दिसून आले. दोन चाके मुलीच्या शिक्षणाचे आयुष्य वाढवितात, हे त्यावरून सिद्ध झाले आहे. प्रश्न आहे तो यापुढचा. शासनाने सायकल दिली. ती चालविण्याची आणि सांभाळण्याची विद्या कोणी दिली?

एके काळी या विद्येची एक अनौपचारिक शाळा गावोगाव भरत असे. तासाच्या भाड्याने मिळणारी लहान सायकल, मागून कॅरिअर धरून धावणारा थोरला भाऊ, दांडीखालून पाय घालून मारलेली कैची आणि पंक्चर काढता काढता चार गोष्टी सुनावणारा दुकानदार, असे तिचे शिक्षक होते. रात्री दिव्याविना जाणाऱ्यास किंवा डबलसीट बसविणाऱ्यास पोलीस अडवीत, सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. या गोष्टी तेव्हा जाचक वाटत. पण सायकल हेही वाहन आहे आणि त्याला नियम आहेत, एवढे भान त्यांनी निश्चित दिले. ती शाळा आता बंद पडल्यासारखी आहे. तिच्या जागी दुसरी काढावयाची, तर अभ्यासक्रमात काय असावे, याचा थोडा तपशिलात विचार करू.

सायकल अंगाला यावी

पहिला धडा बैठकीचा. पुष्कळ मुली आपल्या मापापेक्षा फार उंच किंवा फार बुटक्या बैठकीवर बसून वर्षानुवर्षे सायकल चालवितात आणि गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. हे योग्य माप. नवशिक्या मुलीला दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी बैठक खाली ठेवून द्यावी आणि तोल साधला की ती हळूहळू वर घ्यावी. पान्ह्याच्या दोन फेऱ्यांचे हे काम आहे.

दुसरा धडा ब्रेकचा. सायकलीचे दोन्ही ब्रेक जिवंत असले पाहिजेत. पुढचा ब्रेक नुसता पकडला तर आपण उलटून पडू, या भीतीने अनेक जण तो काढून तरी टाकतात किंवा ढिला ठेवतात. वास्तविक थांबविण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते, कारण वेग रोखताना शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता दाबावेत. मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नये आणि पुढचा एकटा जोराने आवळू नये. ब्रेकचे रबर रिमवर बसते की टायरवर घासते, हे वाकून पाहावे. घासत असेल तर एखाद्या दिवशी ते टायर कापील.

तिसरा धडा हवेचा. किती हवा भरावी, ते टायरच्या कडेला छापलेले असते. पण खेडेगावात मोजण्याचे साधन नसते. अंगठ्याने जोर देऊन टायर फारसे दबले नाही, म्हणजे हवा पुरेशी आहे असे समजावे. कमी हवेच्या चाकाने खड्डा गाठला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. एकच छिद्र असेल तर दोष बहुधा बाभळीच्या काट्याचा असतो. ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतून हलक्या हाताने बोटे फिरवून तो काटा शोधून काढला नाही, तर घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच पंक्चर. भंडाऱ्याच्या मे महिन्यात हवेने टच्च भरलेली सायकल भर उन्हात उभी करू नये, सावलीत ठेवावी. हवा तापून प्रसरण पावते, हे विज्ञानाच्या पुस्तकात शिकवतोच.

राहिली साखळी. ती मध्यावर दाबून पाहिली असता साधारण अर्धा इंच हलावी. याहून सैल असेल तर ऐन रस्त्यात उतरते, फार ताठ असेल तर लवकर झिजते. पंधरा दिवसांनी फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचे थेंब द्यावेत. खाण्याचे तेल घालू नये. त्याचा पुढे चिकट थर बनतो आणि धूळ धरतो. रिमला व ब्रेकच्या रबराला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. हवा, ब्रेक, साखळी, चाकांचे नट आणि घंटी या पाच गोष्टी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर हे काम करण्याची सवय लागली, तर दुकानदाराकडे जाण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

रस्त्यावरची जागा

सायकल डाव्या बाजूने चालवावी, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही गावाच्या फाट्यावर शेकडो पावले उलट दिशेने सायकल हाकण्याचा मोह आवरत नाही. समोरची गाडी दिसते म्हणून उलट बाजू सुरक्षित, असा त्यामागचा तर्क. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत तो बरोबर आहे, सायकलच्या बाबतीत मात्र घातक आहे. सायकल ताशी १५ आणि ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे असे धरा. दोघांची दिशा एकच असेल तर ट्रक ताशी ४५ किलोमीटरने जवळ येतो. समोरासमोर असतील तर ७५ ने. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीनपट होते. शिवाय ट्रकचालकाला सावरण्यास मिळणारा वेळही घटतो. आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला यापेक्षा उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण.

डावी बाजू याचा अर्थ डांबराची अगदी कड असा मात्र नव्हे. आपल्याकडे डांबर आणि साइडपट्टी यांत अनेक ठिकाणी वीतभर खाच असते. कडेपासून दीड-दोन फूट आत राहिले, म्हणजे प्रसंगी सरकण्यास जागा उरते. चाक खाली उतरलेच तर ते तिरके तिरके वर चढविण्याचा प्रयत्न करू नये. कडेला घासून चाक अडते आणि स्वार रस्त्याच्या मध्यभागी फेकला जातो. थांबावे, सायकल उचलून वर घ्यावी. लोहमार्गाच्या फाटकातही हेच तत्त्व आहे. मुंबई-हावडा मार्ग आणि तुमसरहून तिरोडीकडे जाणारा फाटा या जिल्ह्यातून जातो. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत. पावसात ते काचेसारखे निसरडे होतात, तेव्हा उतरून चालत जाणे हे शहाणपण.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थांबलेल्या एस.टी.च्या डाव्या बाजूने घुसू नये, कारण उतारू त्याच बाजूला उतरतो. आणि ट्रकच्या डाव्या कुशीत कधीही राहू नये. चालकाला तेथले दिसत नाही आणि तो डावीकडे वळला की मागची चाके आतून वळतात. भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा जुना क्रमांक ६ आणि आताचा ५३, तो ओलांडताना चालत्या सायकलीवरून उजवीकडे वळण्याचे धाडस विद्यार्थ्यांनी करूच नये. डाव्या कडेला उतरावे, दोन्ही बाजूंना पाहावे आणि सायकल हातात धरून पलीकडे जावे. मैत्रिणींनी गप्पा मारीत तिघी-तिघींनी जाण्यात आनंद आहे, हे कोण नाकारील? तो पाणंद रस्त्यावर अवश्य घ्यावा. मोठ्या रस्त्याला लागले की एकीमागे एक, मध्ये दोन सायकलींचे अंतर, आणि कानात गाण्याच्या तारा नकोत. मागून येणारी गाडी सायकलस्वाराला प्रथम कानांनी कळते.

पावसाळा, धान आणि धुके

विदर्भाबाहेर लिहिलेल्या सूचना भंडाऱ्यात अपुऱ्या पडतात, त्या येथील ऋतूंमुळे. पावसाळ्यात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकची पकड कितीतरी कमी होते. म्हणून नेहमीपेक्षा बऱ्याच आधी ब्रेक हलके धरून रिमवरचे पाणी पुसू द्यावे आणि मग दाबावेत. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने सायकल चालविणे म्हणजे एक ब्रेक आणि निम्मा तोल घरी ठेवून निघणे. अंगावर रेनकोट किंवा प्लास्टिकची खोळ घ्यावी. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल डांबरावर सांडतात. त्यावर वळू नये, ब्रेकही मारू नये, सरळ संथ पुढे जावे. पुलावरून पाणी वाहत असेल तर, ते घोट्याएवढे का असेना, सायकल घालू नये. पाण्याखाली रस्ता आहे की नाही, हे वरून कळत नाही.

दिवाळीच्या सुमारास धान निघते आणि डांबरी रस्त्याचे अनेक ठिकाणी खळे होते. वाळत घातलेल्या धानावर सायकलीचे चाक छर्ऱ्यांवरून घसरावे तसे घसरते. शेतकऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे, पण त्यानेही निदान सायकलीपुरती वाट डाव्या कडेला मोकळी सोडावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे. पुढे हिवाळ्यात नदीकाठी व तळ्यांच्या आसपास सकाळी धुके दाटते आणि त्याच वेळी शिकवणीला जाणारी मुले बाहेर पडतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि मागे दिवा नसलेली सायकल या धुक्यात एकमेकींना दिसत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत, डोक्याला दुपट्टा बांधावा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी, हे येथील माणसाला वेगळे सांगावयास नको. मात्र दुपट्ट्याची किंवा ओढणीची दोन्ही टोके कमरेला खोचलेली असावीत. चाकाच्या तारांत अडकलेली ओढणी एका क्षणात गळ्याला फास लावते. मागच्या चाकावरची जाळी हे लेडीज सायकलचे भूषण म्हणून दिलेले नसते. तुटली असेल तर बदलून घ्यावी. हँडलला अडकवलेली डब्याची पिशवीही अशीच पुढच्या चाकात जाते. दप्तर पाठीवर आणि डबा कॅरिअरवर, हा नियम असावा.

दिसणे महत्त्वाचे

संध्याकाळी सायकलस्वाराला रस्ता दिसतो, म्हणून तो दिव्याची गरज नाही असे मानतो. दिवा आपल्याला दिसावे म्हणून जेवढा, त्याहून अधिक इतरांना आपण दिसावे म्हणून असतो, हे येथे विसरले जाते. पूर्वी डायनॅमो जड चाले, म्हणून तो नकोसा होई. आता बॅटरीवरचे छोटे दिवे सहज मिळतात. पुढे पांढरा व मागे तांबडा, एवढे पुरे. सायकलीवरील परावर्तकांच्या दर्जाबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. पण मडगार्डावरचे तांबडे भिंग सहा महिन्यांत फुटते आणि कोणी ते पुन्हा बसवीत नाही. ज्याला तेही जमत नसेल, त्याने मागच्या मडगार्डाचा खालचा वीतभर भाग पांढऱ्या तेलरंगाने रंगवावा. जुन्या काळ्या सायकलींवर असा पट्टा असे, तो हौसेखातर नव्हता. गडद निळ्या गणवेशातील मुलींच्या दप्तरांवर चकाकणारी पट्टी शिवून देण्याचे काम शिवणकामाच्या तासालाही होऊ शकेल. डोक्याला शिरस्त्राण असणे उत्तमच. कायद्याने सायकलस्वारावर तशी सक्ती नाही, पण ज्यांना परवडते त्यांनी मुलांच्या बाबतीत काटकसर करू नये.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. भरधाव टिप्पर चालविणारा वेगळा, खाच न बुजविणारा वेगळा, आणि उपदेश मात्र सायकल चालविणाऱ्या गरीब मुलीला, हा कोठला न्याय? या आक्षेपातील निम्मा भाग निर्विवाद मान्य केला पाहिजे. साइडपट्ट्या भरणे, महामार्गालगतचे सेवारस्ते मोकळे ठेवणे, शाळेच्या फाट्यावर वेगाला आळा घालणे आणि दिव्याविना धावणाऱ्या ट्रॉल्यांवर कारवाई करणे ही शासनयंत्रणेची कर्तव्ये आहेत. सायकलस्वार सावध राहिला म्हणून त्यांतून कोणाची सुटका होत नाही. परंतु ती पार पडेपर्यंत मुलगी रोज शाळेत जाणारच आहे. शिवाय ज्याला रस्त्याचे शास्त्र कळते, त्यालाच रस्त्याचा दोष नेमका दाखविता येतो. खाच कोठे आहे, कोणत्या फाट्यावर अंधार आहे, याची यादी सायकलवरून येणाऱ्या मुलींनी केली आणि मुख्याध्यापकांच्या सहीने ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेली, तर त्या अर्जाला वजन येईल.

शाळेचा एक तास

नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले सायकलवरून रहदारीची परीक्षा देतात. ब्रिटनमध्ये सायकल-प्रावीण्याची चाचणी दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच सुरू झाली. आपल्याकडेही स्काउट-गाइड चळवळीत सायकलस्वाराचा बिल्ला मिळविण्याची सोय आहे. म्हणजे कल्पना परकी नाही आणि तिला मोठा खर्चही नाही. सायकल-वाटपाचा समारंभ प्रत्येक शाळेत होतो. हार, भाषणे, छायाचित्रे होतात. त्याच दिवशी समारंभानंतर एक तास गावातील सायकल-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला द्यावा. पंक्चर कसे काढावे, साखळी कशी चढवावी, ब्रेक कसा ताणावा, हे त्याने मुलींच्या हातांनी करवून घ्यावे. दुसरा एक तास मैदानावर घ्यावा. फक्कीच्या दोन रेषांमधून सरळ जाणे, हँडल न वळविता मागे वळून पाहणे, एका हाताने इशारा देणे आणि आखलेल्या रेषेवर दोन्ही ब्रेकनी थांबणे, या चार गोष्टी ज्या मुलीला जमल्या, ती मोठ्या रस्त्यावर जाण्यास तयार झाली असे समजावे. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या रस्ता-सुरक्षा कार्यक्रमात यासाठी एक दिवस सहज काढता येईल. कचेऱ्यांतील ज्या बंधूंनी उमेदीची वर्षे सायकलवर काढली, त्यांनीही आपल्या गावच्या शाळेत जाऊन हा तास घ्यावा. त्यांच्याइतका जाणकार शिक्षक मिळणार नाही.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, लवकरच रोवणीची धांदल उडते आणि रस्ते चिखलाने माखतात. नव्याने आठवीत आलेली मुलगी आपल्या गावाबाहेरच्या शाळेची वाट अशा दिवसांत प्रथमच एकटीने धरते. हा तास घ्यावयाचा असेल, तर तो शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घेतला गेला पाहिजे. मुख्याध्यापकांनी आपल्या वेळापत्रकात त्याची नोंद आजच करून ठेवावी.